७४ तारखेला जन्मलेली माणसं

माझा जन्म १४ तारखेचा. आईने तो वार, तिथी आणि वेळेसकट वहीत लिहून ठेवला आहे. पण मी पहिल्यांदा गोथेनबर्गला राहायला गेले, तेव्हाचे दहा महिने सरकारदरबारी माझा जन्म ७४ तारखेचा होता. ही कुणाच्या हातून झालेली चूक नव्हती. स्वीडनमध्ये थोड्या मुदतीसाठी आलेल्या परक्या माणसाला जो कोऑर्डिनेशन नंबर देतात, तो बनवायची रीतच तशी आहे. जन्मतारखेतल्या दिवसात ६० मिळवायचे. १ तारखेचा माणूस ६१ चा होतो, ३१ तारखेचा ९१ चा. नंबर पाहणाऱ्याला, मग तो कारकून असो की कॉम्प्युटर, पहिल्या नजरेतच कळतं की हा माणूस इथल्या नोंदवहीतला नाही.

त्या वर्षी नोव्हेंबरात माझी दाढ ठणकायला लागली. जवळच्या एका दवाखान्याची अपॉइंटमेंट ऑनलाइनच घ्यायची होती. मी नंबर टाकला. खाली लाल अक्षरांत उमटलं: अशी तारीख नाही. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. शेवटी फोन केला. पलीकडच्या बाईंनीही आधी नंबरच विचारला. त्यांच्या बोलण्यात दुजाभाव अजिबात नव्हता. त्या मनापासून मदत करायला बघत होत्या, पण त्यांच्या पडद्यावर माझ्यासाठी रकाना नव्हता. पंधरा मिनिटांनी त्या म्हणाल्या, तुम्ही प्रत्यक्षच या, आपण कागदावर लिहू. मी गेले, दाढ काढली गेली, बाई भल्या निघाल्या. पण दार उघडलं ते त्यांच्या चांगुलपणामुळे, आणि दुसऱ्या कुणाला दुसऱ्या दिवशी तेवढ्या भल्या बाई भेटतीलच असं नाही.

पुढे काही वर्षांनी मी पुन्हा तिथे गेले. या वेळी परवाना दोन वर्षांचा होता. काम तेच, इमारत तीच, खुर्चीसुद्धा जवळपास तीच. पण या खेपेला घरी पत्र आलं आणि त्यात दहा अंकी पर्सोननुम्मर होता, म्हणजे तिथल्या रहिवाशाचा ओळखीचा नंबर, आपली मंडळी ज्याला नुसतं ‘पीएन’ म्हणतात तो. माझा १४ तारखेचा जन्म मला परत मिळाला. पुढच्या दोन महिन्यांत जे जे पहिल्या खेपेला अडलं होतं, ते एकेक करून आपोआप सुटत गेलं. बाई मी तीच होते. या दोन खेपांमधल्या फरकानेच मला हा लेख लिहायला लावलं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: हा माणूस कोण आहे आणि हा माणूस इथे किती दिवस राहणार आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ओळखीच्या नंबरने फक्त पहिल्याचं उत्तर द्यावं. स्वीडन, आणि थोड्या वेगळ्या तऱ्हेने इतर अनेक देश, दोन्ही प्रश्नांची एकाच आकड्यात गाठ मारतात. त्या गाठीत जी माणसं अडकतात ती कायदा मोडणारी नसतात. रीतसर आलेली, काम करणारी, कर भरणारी माणसं असतात.

हा नंबर तिथे एवढा मोठा कसा झाला, ते आधी सांगते. स्वीडनमध्ये माणसांची नोंद ठेवायची परंपरा फार जुनी आहे. १६८६ च्या चर्चच्या कायद्यापासून प्रत्येक पॅरिशचा पाद्री आपल्या हद्दीतला जन्म, मृत्यू, लग्न, येणं-जाणं वहीत लिहीत आला. आपल्याकडे गावाचा हिशेब कुलकर्ण्याच्या दप्तरात आणि घराण्याची वंशावळ त्र्यंबकेश्वरच्या पुरोहितांच्या नामावळीत असायची. तिथे दोन्ही कामं एकाच वहीत व्हायची. १९४७ मध्ये त्या नोंदींना नंबर जोडला गेला. तो आधी नऊ अंकी होता. कॉम्प्युटर आले तसा १९६७ मध्ये पडताळणीचा दहावा अंक वाढला. पहिले सहा अंक जन्माचं साल, महिना आणि दिवस, मग तीन अंक, त्यातला शेवटचा पुरुषाचा विषम आणि बाईचा सम, आणि दहावा आधीच्या नवांवरून हिशेबाने काढलेला. जन्मतारखेच्या सहा अंकांनंतर एक आडवी रेघ असते; माणूस शंभरीला पोचला की तिच्या जागी अधिकचं चिन्ह येतं. १ जुलै १९९१ ला चर्चकडून हे सगळं दप्तर टॅक्स ऑफिसकडे, म्हणजे स्काटेवर्केटकडे गेलं. तेव्हापासून तिथल्या माणसाचा जन्म, पत्ता, लग्न आणि मृत्यू कर घेणाऱ्या खात्यातच नोंदला जातो.

आपल्या लोकांना एक गोष्ट पचायला वेळ लागतो. हा नंबर तिथे गुपित नाही. आपण आधारचे आकडे झाकून झेरॉक्स देतो. तिथे दुकानाच्या काउंटरवर लोक मोठ्याने ‘शेवटचे चार’ सांगतात. सरकारी कागद सर्वांना खुले असावेत हे तत्त्व त्या देशाने १७६६ च्या छपाई स्वातंत्र्याच्या कायद्यात घातलं, आणि माणसाचा पत्ता, वय, वाढदिवस तिथे कुणीही शोधू शकतो. मला हा मोकळेपणा आवडतो. राज्यावर विश्वास असल्याशिवाय तो टिकत नाही. पण ज्या देशात नंबर सांगणं नाव सांगण्याइतकं सहज आहे, तिथे ज्याच्याकडे नंबर नाही तो माणूस बिननावाचा होतो.

आता रोजच्या जगण्यात हा नंबर काय काय उघडतो ते पाहा. नंबर असला की बँकेत खातं. खातं असलं की बँक-आयडी, म्हणजे मोबाइलवरची डिजिटल सही. बँक-आयडी असला की स्विश, आपल्या यूपीआयसारखी फोन नंबरावर पैसे पाठवायची सोय, जी काही मोठ्या बँकांनी मिळून २०१२ च्या डिसेंबरात सुरू केली. शाळेच्या जत्रेतला केक, जुन्या सामानाच्या बाजारातली खुर्ची, सहकाऱ्याच्या निरोपाची वर्गणी, सगळं स्विशवर. सरकारी आरोग्यसेवेच्या ११७७ या पोर्टलवर स्वतःचे रिपोर्ट बघायचे तर बँक-आयडी. घराचा करार, विम्याचा अर्ज, कराच्या विवरणपत्रावर सही, कुरियरचं पार्सल, सगळीकडे तोच. पुष्कळ दुकानांच्या दारावर ‘रोख घेत नाही’ अशी पाटी असते. पहिल्या खेपेला एका बँकेने तीन फेऱ्यांनंतर मला खातं दिलं, पण बँक-आयडी दिला नाही. म्हणजे माझ्या पैशाला घर मिळालं, किल्ली नाही मिळाली. दहा महिने मी मैत्रिणीला रोख देत होते आणि ती माझ्या वतीने स्विश करत होती. चाळिशीतली बाई, दोन मुलांची आई, एका टीमची जबाबदारी असलेली, आणि केकसाठी मैत्रिणीकडे हात पसरते. ते मला फार लागलं होतं, आजही लागतं.

आणि मी सुखवस्तू होते. कंपनी पाठीशी होती, घर कंपनीने दिलं होतं. जंगलातली बेरीफळं वेचायला उन्हाळ्यात थायलंडहून उत्तर स्वीडनमध्ये जे मजूर येतात, त्यांच्याजवळ यातलं काही नसतं. आश्रय मागणारा माणूस निकाल लागेपर्यंत, कधी कधी वर्षानुवर्षं, लोकसंख्येच्या नोंदवहीबाहेर असतो. स्वतःचं खातं नसलेल्या माणसाची मजुरी दुसऱ्या कुणाच्या तरी हातातून येते. ज्याच्या हातातून येते तो त्यातलं किती ठेवून घेतो, हे उसाच्या फडावरचे मुकादम पाहिलेल्या आपल्या लोकांना मी समजावून सांगायला नको.

नियम काय आहे? निदान एक वर्ष राहायचा इरादा असेल तर नोंदवहीत नाव आणि पर्सोननुम्मर. युरोपीय युनियनबाहेरच्या माणसाचा राहण्याचा परवानाही तेवढ्या मुदतीचा हवा. त्यापेक्षा कमी राहणार असाल तर कोऑर्डिनेशन नंबर, जो २००० सालापासून दिला जातो. ऐकायला हे रास्त वाटतं. चार महिन्यांच्या पाहुण्याला कायमच्या वहीत कशाला लिहायचं? पण त्याच देशाचा कराचा नियम पाहा. सहा महिन्यांहून जास्त राहिलात की कर रहिवाशासारखाच लागतो, आणि नगरपालिका व प्रादेशिक प्रशासन यांचा मिळून तो देशभर सरासरी ३२ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे सात, आठ, दहा महिने राहणारा माणूस कर भरायला रहिवासी आहे आणि दवाखान्यात परका. त्याच्याकडून घेताना सहा महिने पुरतात आणि त्याला देताना बारा लागतात. याचं समर्थन मी पुष्कळांकडून ऐकलं, ते पटण्यासारखं मात्र एकही नव्हतं.

या नंबराच्या इतिहासातलीच एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९९० पर्यंत त्या मधल्या तीन अंकांतले पहिले दोन अंक जन्माचा जिल्हा सांगायचे. स्टॉकहोमला जन्मलेल्याचे वेगळे, गोथेनबर्गकडच्याचे वेगळे. बाहेरून येऊन वसलेल्यांसाठी ९३ ते ९९ हे आकडे होते. त्या काळी फिनलंडहून कारखान्यांत कामाला आलेल्या माणसाने नंबर सांगितला की समोरच्याला त्याचं परकेपण नाव ऐकण्याआधी कळायचं. १९९० पासून हे बंद झालं. तेव्हापासून कोणत्याही रहिवाशाच्या नंबरावरून तो कुठे जन्मला ते कळत नाही. देशाने हा फार शहाणपणाचा निर्णय घेतला होता. पण दहाच वर्षांनी कोऑर्डिनेशन नंबर आला आणि दिवसात ६० मिळवायची खूण घेऊन आला. पुढच्या दाराने घालवलेली गोष्ट मागच्या दाराने घरात आली. करणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. कॉम्प्युटरला दोन प्रकारचे नंबर वेगळे ओळखता यावेत एवढाच विचार असेल. पण खूण एकदा आकड्यातच कोरली, की ती ज्याला बघायची गरज नाही त्यालाही दिसते. आणि ज्या प्रोग्रॅमरच्या डोक्यात ७४ तारीख कधी आलीच नाही, तो अशा माणसाला नकळत बाहेर ठेवतो.

जन्मतारखेवर उभ्या असलेल्या नंबराची आणखी एक अडचण महाराष्ट्राला घरच्यासारखी कळेल. आपल्याकडे १ जूनला वाढदिवस असलेली माणसं किती! शाळेत नाव घालायला नेलं, तारीख कुणाला आठवेना, गुरुजींनी १ जून लिहून टाकला. माझ्या सासऱ्यांचा वाढदिवस आम्ही याच तारखेला करतो. स्वीडनमध्ये हीच गोष्ट १ जानेवारीची झाली. सोमालिया, अफगाणिस्तान, इराक इथून आलेल्या ज्या माणसांच्या जन्माची नोंदच नव्हती, त्यांच्या कागदांवर १ जानेवारी पडला. पण तीन अंकांत एका दिवसाला हजारभरच नंबर मावतात, निम्मे पुरुषांचे, निम्मे बायकांचे. काही वर्षांतल्या त्या तारखेचे नंबर संपून गेले आणि पुढच्यांना जवळपासची दुसरी तारीख द्यावी लागली. आधी एक खोटा वाढदिवस, मग तोही पुरेना म्हणून दुसरा. नंबराच्या पोटात माणसाची माहिती भरायला गेलं की माणूसच नंबराच्या मापाने कापावा लागतो.

याच्या उलट उदाहरण आपल्या घरात आहे. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक एका महिलेला दिला गेला. त्या बारा आकड्यांत तिचं गाव नव्हतं, जात नव्हती, जन्माचं साल नव्हतं, ती बाई आहे हेसुद्धा नव्हतं. नंबर मुद्दाम बिनअर्थाचा ठेवला होता. आधारबद्दल माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत. अंगठा उमटला नाही म्हणून रेशन अडलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. पण आकड्याची ती घडण योग्य होती. भारतात राहणाऱ्या परदेशी माणसाला आधार मिळतो तेव्हा त्याचेही बारा आकडे तुमच्या-माझ्यासारखेच दिसतात. तो किती काळ वैध आहे ही माहिती सरकारच्या नोंदीत असते, आकड्याच्या अंगावर नसते.

स्पेनने तिसराच मार्ग घेतला आहे. तिथे परदेशी माणसाचा नंबर ‘एनआयई’. त्याची सुरुवातच एक्स, वाय किंवा झेड या अक्षराने होते, मग सात आकडे आणि शेवटी पडताळणीचं अक्षर. तिथल्या नागरिकाच्या नंबरात पुढचं अक्षर नसतं. वीस वर्षं राहून नागरिकत्व घेतलंत की जुना नंबर जातो, नवा येतो, आणि दोन्ही नंबर एकाच माणसाचे आहेत असा दाखला काढून बँक, घर, वीज, जमीन अशा प्रत्येक ठिकाणी दाखवावा लागतो. स्पेनमधलं खरं दुखणं मात्र रांगेचं आहे. पोलिसांच्या परदेशी विभागातली वेळ ऑनलाइन घ्यावी लागते, ती विनामूल्य असते आणि मिळत नाही. कारण तत्काळ तिकिटांसारखंच आहे: दलालांचे प्रोग्रॅम वेळ खुली होताच सगळ्या जागा उचलतात आणि विकतात. २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय पोलिसांनी अशा टोळीतल्या ६९ जणांना पकडलं. एकेक वेळ ३० ते २०० युरोंना विकली जात होती. सरकारी फी दहा युरोंच्या आतली. नंबर देणाऱ्या राज्याने दार अरुंद ठेवलं की दाराशी कुणीतरी गल्ला मांडून बसतो.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप स्वीडिश मित्रच घेतात, आणि तो मी गंभीरपणे घेते. ते म्हणतात, आमचं कल्याणकारी राज्य याच वहीवर उभं आहे. बालभत्ता, पाळणाघर, घरभाडं मदत, पेन्शन, सगळं नोंदीवरून मिळतं. वही ढिली झाली की लुबाडणारे शिरतात. हे खरंच झालेलं आहे. पूर्वी कोऑर्डिनेशन नंबर माणूस समोर न येताही दिला जायचा, एकाच माणसाने वेगवेगळ्या नावांनी नंबर घेण्याची वाट त्यातून खुली राहिली. २०१८ च्या जुलैपासून खोटी नोंद करणं पुन्हा फौजदारी गुन्हा झालं. सप्टेंबर २०२३ पासून नवा कायदा आला: कोऑर्डिनेशन नंबराच्या आता तीन पायऱ्या आहेत, ओळख सिद्ध झालेली, ओळख बहुधा बरोबर असलेली, आणि ओळख अनिश्चित असलेली. पहिल्या पायरीसाठी माणसाने स्वतः पासपोर्ट घेऊन हजर राहावं लागतं. आणि नंबर पाच वर्षांनी निद्रिस्त होतो, लागत असेल तर वाढवून घ्यायचा.

मला हा कायदा आवडतो. माझ्या मते तो अर्ध्या वाटेवर थांबला, एवढंच. कारण त्याने मान्य काय केलं? की ओळख पटवणं ही स्वतंत्र गोष्ट आहे, आणि दहा महिन्यांसाठी आलेल्या माणसाचीही ओळख पक्की पटवता येते. पासपोर्ट तपासला, चेहरा ताडला, राज्याने लिहून दिलं की ही बाई हीच आहे. मग त्यानंतरही तिच्या नंबरात ६० मिळवलेले का असावेत? बँकेने तिला वेगळं का मानावं? लुबाडणुकीची भीती भत्त्यांबाबत असेल तर भत्ता देताना मुक्काम बघा. बालभत्त्याच्या अर्जावर परवान्याची मुदत तपासणं हे एका ओळीचं काम आहे. दाढ काढायला, भाडं भरायला, पगार घ्यायला मुक्काम कशाला बघायचा?

हे स्वप्नरंजन नव्हे, हे पुराव्यानिशी सांगता येतं. नेदरलँड्समध्ये नागरिक, रहिवासी आणि थोड्या मुदतीचा पाहुणा यांना एकाच प्रकारचा नंबर मिळतो, बीएसएन. चार महिन्यांपेक्षा कमी राहणाऱ्यांसाठी २०१४ पासून वेगळी नोंदवही आहे, पण नंबर वेगळा नाही. काही ठरावीक नगरपालिकांत वेळ घेऊन जायचं, पासपोर्ट दाखवायचा, आणि बहुधा त्याच भेटीत नंबर घेऊन बाहेर पडायचं. पुढे मुक्काम वाढला तर माणूस एका वहीतून दुसऱ्या वहीत जातो, नंबर तोच राहतो. नागरिक झाला तरी तोच. तिथेही अडचणी आहेत, राहायला घर मिळत नाही म्हणून पत्ता नोंदवता येत नाही ही मोठीच. पण आकड्यात परकेपणा कोरलेला नाही आणि त्यामुळे त्या देशाचं काही बुडालेलं नाही.

उरला बँकांचा प्रश्न, आणि मला तो नंबराहूनही अवघड वाटतो. स्वीडनमधली डिजिटल ओळख, २००३ पासूनचा बँक-आयडी, ही बँकांच्या मालकीच्या कंपनीची आहे, सरकारची नाही. म्हणजे राज्य नंबर देतं, पण त्या नंबराने दार उघडायचं की नाही हे बँक ठरवते. सरकारी पोर्टलवर स्वतःची कागदपत्रं बघायचा माझा हक्क एका खाजगी कंपनीच्या ग्राहकधोरणावर अवलंबून राहतो. कायदा खरं तर माझ्या बाजूने आहे. युरोपीय युनियनच्या २०१४ च्या निर्देशाप्रमाणे कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रत्येकाला साधं बँक खातं मागायचा हक्क आहे. पण काउंटरवरच्या माणसाला तो निर्देश ठाऊक नसतो. त्याला एवढंच ठाऊक असतं की पडदा पुढे जात नाही. आणि नव्याने आलेला माणूस, ज्याला भाषा येत नाही, ज्याला घरमालकाला उद्या पैसे द्यायचे आहेत, तो तिथे उभं राहून निर्देशाचा क्रमांक सांगणार नाही. तो मान खाली घालून परत येतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायद्याच्या ५७ व्या कलमातला खाजगी कंपन्यांना आधार मागू देणारा भाग रद्द केला. पुढच्याच वर्षी दुरुस्ती करून ऐच्छिक वापराला वाट ठेवली गेली, आणि व्यवहारात ‘ऐच्छिक’ शब्दाचं काय होतं ते आपण सिमकार्ड घेताना पाहतो. तरीही तो प्रश्न न्यायालयात विचारला गेला: राज्याने दिलेल्या नंबरावर खाजगी दुकानाने आपला उंबरठा बांधावा का? हा प्रश्न स्वीडनमध्ये तेवढ्या जोराने कुणी विचारलेला मी ऐकला नाही. कारण सोपं आहे. ज्यांच्याजवळ नंबर आहे त्यांना तो उंबरठा दिसतच नाही. माझे सहकारी दहा महिने माझ्या शेजारी बसले, जेवणाच्या सुटीत हसले-बोलले, आणि मला स्विश नाही म्हणजे काय हे त्यांना मी सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

आपणही त्यांच्या जागी बसलेलो आहोत, हे मला पुण्यात परतल्यावर कळलं. पुण्यात आफ्रिकेतून, इराणमधून, अफगाणिस्तानातून शिकायला आलेली मुलं वर्षानुवर्षं आहेत. १८० दिवसांहून मोठ्या व्हिसावर आलेल्याने पोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते, घरमालकाने परदेशी भाडेकरूची माहिती कळवणारा सरकारी फॉर्म भरायचा असतो, आणि तो कटकटीचा वाटतो म्हणून घरमालक ‘परदेशी नको’ म्हणतात. आधार मिळण्यासाठी मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेलं असावं लागतं. स्वीडन पुढचं वर्ष विचारतं, भारत मागचे सहा महिने. ओळखीच्या आधी मुक्काम दोघंही मोजतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या परदेशस्थ माणसाला ही अट २०१९ पासून राहिली नाही, सुटीत आला तरी अर्ज करता येतो. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सुदानचा एक विद्यार्थी भाड्याने राहायचा. पहिले सहा महिने तो किराणा दुकानात नोटा मोजून द्यायचा आणि सुट्टे नाहीत म्हणून दुकानदार त्याला चॉकलेटं द्यायचा. गोथेनबर्गची माझी मैत्रीण मला तेव्हा आठवली. त्यानंतर त्याचं वीजबिल मी भरायला लागले आणि तो मला रोख आणून द्यायचा.

स्वीडनमध्ये हे बदलायची वेळ आत्ताच आहे. युरोपीय युनियनच्या २०२४ च्या नियमानुसार प्रत्येक सदस्य देशाने २०२६ अखेरपर्यंत आपल्या लोकांना डिजिटल ओळखीचं वॉलेट द्यायचं आहे. बँकेची नसलेली, राज्याची स्वतःची किल्ली पहिल्यांदाच तयार होते आहे. ती कुणाला मिळणार याच्या अटी लिहिणाऱ्यांनी जुनाच उंबरठा नव्या दारात बसवला तर पुढची तीस वर्षं तो हलणार नाही. मला तीन गोष्टी हव्यात. ज्याची ओळख प्रत्यक्ष हजर राहून सिद्ध झाली आहे त्या प्रत्येकाला, मग तो दहा महिन्यांसाठी आलेला असो की कायमचा, ही किल्ली मिळावी. दिवसात ६० मिळवणं बंद व्हावं आणि मुक्कामाची माहिती ज्या खात्याला गरज आहे त्यालाच दिसावी. आणि नंबर नाही या एका कारणावरून खातं नाकारणाऱ्या बँकेने तो नकार लेखी, कलमासकट द्यावा, म्हणजे माणसाला दाद मागायला कागद तरी हातात राहील.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसातून नागपूरचा एक मुलगा आठ महिन्यांसाठी तिकडे गेला. त्याचा जन्म ३० तारखेचा. परवा त्याचा मेसेज आला, स्क्रीनशॉट जोडलेला होता: ताई, जिमच्या फॉर्ममध्ये माझी तारीख घेत नाहीये, ९० तारीख नसते म्हणतंय, काय करू? मी त्याला मैत्रिणीचा फोन नंबर पाठवला.